विरजण

घरी आलेला माणूस टाकीतले मासे बघतो, आणि मग हमखास विचारतो, "ही झाडं खरी आहेत का हो?" झाडं नाहीत, प्राणी आहेत, असं सांगितलं की तो माझ्याकडे जरा संशयानेच बघतो. त्याचंही बरोबर आहे म्हणा. जागचं हलत नाही, उजेडाकडे तोंड करून उभं असतं, तुकडा कापून लावला की नवीन उगवतं... याला प्राणी कसं म्हणायचं? आईने फोनवर विचारलं होतं, "खायला काय घालतोस रे त्याला?" मी म्हटलं, "उजेड." ती हसली, पण उत्तर बरंचसं खरं आहे.

सॉफ्ट कोरल, म्हणजे मऊ प्रवाळ. यांना दगडी प्रवाळासारखा चुन्याचा सांगाडा नसतो, नुसते मांसात रुतलेले चुन्याचे सूक्ष्म काटे असतात. प्रत्येक पॉलिपला आठ स्पर्शक, तेही पिसासारखे. माझ्याकडच्या बऱ्याच जातींच्या अंगात एकपेशीय शैवाल भाडेकरू म्हणून राहतं. ते उजेडावर साखर बनवतं आणि भाडं म्हणून त्यातला मोठा वाटा घरमालकाला देतं. घरमालकाचा कचरा हेच भाडेकरूचं खत. व्यवहार चोख! आपलं काम एवढंच की या दोघांच्या संसारात ढवळाढवळ करायची नाही. आणि नेमकं तेच जमायला सर्वात कठीण.

माझ्या टाकीतलं सर्वात जुनं कोरल म्हणजे सार्कोफायटन. याला टोडस्टूल लेदर म्हणतात, आणि दिसतंही अगदी पावसाळ्यात उगवणाऱ्या कुत्र्याच्या छत्रीसारखं. आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला त्याचा रुपयाएवढा तुकडा दिला होता. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मुलांनी टाकी मोडली, मूळ कोरलही त्यात गेलं. आता त्यांच्या हातचं जे काही उरलंय, ते माझ्यासारख्या चार-दोन लोकांच्या घरी. त्यामुळे हे कोरल नुसतं कोरल राहिलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी त्याने सगळे पॉलिप आत ओढून घेतले. डोकं गुळगुळीत, वरून मेण फासल्यासारखं चकचकीत. दुसऱ्या दिवशी तसंच. पाचव्या दिवशी तसंच. हे काय आहे ते मला ठाऊक होतं. सार्कोफायटन अधूनमधून कात टाकतं. अंगावर साचलेला गाळ आणि शैवाल एका मेणचट पापुद्र्यात गुंडाळून झटकून देतं, आणि त्यासाठी कित्येक दिवस मिटून बसतं. कधी आठवडा, कधी त्याहून जास्त. हे सगळं माहीत असूनही हात शिवशिवतातच. पाणी बदलू का? दिवा वाढवू का? दुकानात दिसलेली ती बाटली आणून ओतू का?

अशा वेळी बघायच्या गोष्टी थोड्याच असतात. देठ घट्ट आहे ना? कुठे काळपट, गळणारा डाग नाही ना? पाण्याला कुजका वास नाही ना? बाकीची कोरल उघडी आहेत ना? सगळ्याची उत्तरं चांगली होती. तापमान २५ अंश, खारटपणा हजारी ३५, अल्कलिनिटी ८. सगळं जागच्या जागी. मी फक्त पंपाचं तोंड थोडं वळवलं, म्हणजे प्रवाह डोक्यावरून सरकत जाईल आणि पापुद्रा सुटायला मदत होईल. बास. दहाव्या दिवशी दुधावरची साय सरकावी तसा तो पापुद्रा सुटला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पॉलिप बाहेर!

या छंदात लोक आकड्यांच्या मागे धावतात. पण मऊ प्रवाळाला आकडा आदर्श असण्यापेक्षा तो रोज तोच असलेला जास्त मानवतो. वाफेने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून रोज भर घालायची ती आरओच्या गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. दिवा टायमरवर. आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचं. पाणी अगदी निर्मळही नको, थोडं नायट्रेट यांना हवंच असतं. माशांना द्यायचं तांबं असलेलं औषध मात्र या टाकीत कधीही नाही. आणि ही मवाळ दिसणारी मंडळी शेजाऱ्याची वाढ खुंटावी म्हणून पाण्यात विषारी रसायनं सोडतात, बरं का! त्यासाठी दोघांत अंतर ठेवायचं आणि फिल्टरमधला सक्रिय कोळसा वेळच्या वेळी बदलायचा.

प्रवाहाचं महत्त्व मला झेनियाने पटवलं. तिचे पॉलिप मुठीसारखे सतत उघडझाप करतात. हे कशासाठी, याचं एक उत्तर २०१३ साली इस्रायली शास्त्रज्ञांनी तांबड्या समुद्रात तिच्या जवळच्या नातलगावर प्रयोग करून दिलं. या हालचालीने अंगाभोवती साचलेला प्राणवायू दूर होतो आणि आतल्या शैवालाचं काम जोरात चालतं. ज्यांना अशी मूठ वळता येत नाही, त्यांच्यासाठी ते काम पाण्याच्या प्रवाहानेच करायचं.

टाकीत हे सगळं माझ्या हातात आहे. समुद्रात कुणाच्याच नाही. पाणी फार दिवस तापलेलं राहिलं की कोरल त्या भाडेकरूंना बाहेर काढतं, पांढरं पडतं, आणि तसंच राहिलं तर उपाशी मरतं. जगभर चौथ्यांदा असं घडत असल्याचं एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झालं. म्हणूनच समुद्रातून ओरबाडलेलं कोरल मी घेत नाही, टाकीत वाढवलेल्या कोरलचा तुकडाच घेतो. भारतात तर सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. मालवणच्या समुद्रातलं प्रवाळ मालवणलाच बुडी मारून बघावं, हे उत्तम.

असो. कात टाकून झाल्यावर सार्कोफायटन चांगलं टरारून आलं, तेव्हा मी हातमोजे घालून त्याच्या कडेचे चार तुकडे कापले. एकेक तुकडा छोट्या दगडावर रबरबँडने सैलसर बांधला आणि संथ प्रवाहात ठेवला. दोनेक आठवड्यांत ते दगडाला चिकटले. मग चार तुकडे चार घरी दिले.

आजी विरजण लावलं की भांड्याला कुणाला हात लावू देत नसे. आणि शेजारीण वाटी घेऊन आली की तिला कधी नाही म्हणत नसे. एखाद्या दिवशी आमच्याकडचंच विरजण बिघडलं, की ती तीच वाटी घेऊन शेजारी जायची. तिकडे जे दही असायचं, ते मुळात आमचंच असायचं.