कोरड्या पायांची टिपणे

डिसेंबर तोंडावर आला की डिचोली-पेडण्यातली तरुण मंडळी विचारू लागतात : गुलमर्गला चाललोय, स्नोमोबाइलवर बसायचंय, बूट कसले घेऊ? मोपाच्या विमानतळावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली आणि बर्फ आमच्या घरांच्या आवाक्यात आला. जाकीट, टोपी, हातमोजे यांची चर्चा घरात आठवडाभर चालते. पायांचा विचार होतो तो बॅग भरताना, शेवटच्या संध्याकाळी. तोवर दुकानात जायला वेळ उरलेला नसतो.

*

कोरडेपणा आधी, ऊब नंतर. बुटाच्या आतली लोकर स्वतः गरम नसते. तिच्या धाग्यांत अडकलेली हवा पायाची ऊब धरून ठेवते. त्या हवेच्या जागी पाणी शिरले की खेळ संपला, कारण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेते. आणि हे पाणी दोन वाटांनी येते : बाहेरून वितळलेल्या बर्फाचे, आतून घामाचे. बूट निवडताना पहिली वाट सगळे बघतात, दुसरी फार थोडे.

*

घामाने काय होते ते १९५०च्या हिवाळ्यात कोरियात दिसले. चोसिन जलाशयाच्या लढाईत अमेरिकी सैनिकांच्या पायांत शूपॅक नावाचे बूट होते : खाली रबर, वर चामडे, आत फेल्टचा सुखतळा. चढण चढताना पाय घामाने चिंब होत, आणि तुकडी थांबली की तोच घाम बुटात गोठे. हिमदंशाने हजारो जण जायबंदी झाले. त्यानंतर सैन्याने जो बूट वापरात आणला त्यात ऊब धरणारा भराव रबराच्या दोन थरांमध्ये कायमचा बंद केला. घाम भरावापर्यंत पोचतच नाही. पाय ओला झाला तरी गार पडत नाही. कडाक्याच्या थंडीसाठीच्या पांढऱ्या बुटाला एक छोटी झडपही असते. विमानात हवेचा दाब उतरला की आतली कोंडलेली हवा फुगते, ती सोडायला.

*

स्नोमोबाइलवर पाय चालत नाहीत, हे लक्षात घ्यायला हवे. ट्रेकिंगमध्ये पिंडऱ्या काम करतात, रक्त खेळते, पाय गरम राहतात. स्नोमोबाइलवर माणूस बसलेला असतो, पाय पट्टीवर स्थिर, समोरून वारा, आणि पुढच्या स्कीने उडवलेला बर्फाचा भुगा नडगीवर. म्हणून चालायला चांगला असलेला बूट बसायला पुरतोच असे नाही. उंच गळ्याचा हवा, निदान नडगीच्या मध्यापर्यंत. तळ जाड हवा, कारण थंडी खालच्या पट्टीतूनही चढते. लोंबत्या नाड्या नकोत, त्या अडकतात. टाच आणि तळाच्या खाचा खोल हव्यात. पँटचा पाय बुटाच्या बाहेरून खाली यायला हवा. आत खोचला तर बर्फ थेट बुटात उतरतो.

*

बर्फावरच्या बुटांशी गोव्याचे नाते गुलमर्गच्या सहलींपेक्षा जुने आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहूनच निघाली. जहाज नॉर्वेचे, 'पोलर सर्कल'. माणसे २१, नेते डॉ. एस. झेड. कासिम, ज्यांनी दोना पावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संचालकपद सांभाळले होते. ९ जानेवारी १९८२ला ते बर्फावर उतरले. आज मोहिमांचे सगळे काम वास्कोत, हेडलँड सड्यावरच्या ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून चालते. खाली मुरगाव बंदरातला दमट उकाडा आणि वर सड्यावर उणे तापमानाचे नियोजन. निवडलेली माणसे आधी उत्तराखंडात औलीला बर्फातले प्रशिक्षण घेतात, मग निघतात. अंटार्क्टिकावरचा भारताचा मैत्री हा तळ शिर्माखर ओॲसिसच्या उघड्या खडकांवर आहे आणि तिथून थोडे पुढे गेले की नुसता बर्फ. म्हणजे एकाच बुटाने खडकही सोसायचा आणि बर्फही. सहलीला जाणाऱ्याला एवढे लागत नाही, पण गोव्याच्या मुलांनी बुटाचा प्रश्न विचारताना हा सडा डोळ्यांसमोर ठेवावा असे मला मनापासून वाटते.

*

विकत घ्यायचा असेल तर काढता येणाऱ्या आतल्या अस्तराचाच घ्या. खालचा भाग रबराचा, वरचा चामड्याचा किंवा जाड नायलॉनचा, आत फेल्टचा वेगळा बूट. कॅनडातल्या कॉफमन कंपनीने १९७२मध्ये सोरेल कॅरिबू काढला तो याच घडणीचा आणि ती घडण अजून चालते, यातच सगळे आले. रात्री अस्तर बाहेर काढून वाळवता येते. शिवून टाकलेले अस्तर हॉटेलच्या खोलीत सकाळपर्यंत वाळत नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही ओल्या बुटात पाय घालता आणि दोष थंडीला देता.

लेबलवरच्या 'उणे ४०'ला भुलू नये. तो आकडा बहुतेक वेळा कंपनीने स्वतःच ठरवलेला असतो आणि तुम्ही चालताय की बसलाय हे त्याला ठाऊक नसते.

*

माप संध्याकाळी घ्यावे, दिवसभरात पाय थोडा फुगतो. जे मोजे बर्फात घालणार तेच घालून बूट चढवावा. बोटे आत मोकळी हलली पाहिजेत. घट्ट बूट दोनदा मारतो : रक्त अडवतो आणि हवेची जागा खातो. गार लागते म्हणून एकावर एक तीन मोजे चढवणे हा त्यावरचा उपाय नव्हे. एक जाड लोकरी, फार तर आत एक पातळ. सुती मोजा नकोच, तो घाम पिऊन बसतो.

*

भाड्याचे गमबूट. गुलमर्ग, सोनमर्ग, सोलांग, सगळीकडे वाटेवर कोट आणि गमबूट मिळतात आणि बहुतेकांचे काम त्यांवर भागते. घेताना आत हात घालून बोटांपर्यंत चाचपा. आधीच्या माणसाची ओल तिथेच असते. ओलसर लागला तर दुसरा जोड मागा, लाजू नका. पातळ मोज्यावर प्लास्टिकची साधी पिशवी, तिच्यावर लोकरी मोजा. घाम पिशवीत राहतो, लोकर कोरडी राहते. चोसिननंतर आलेल्या बुटाचेच हे घरगुती रूप आहे, आणि ते फुकट आहे.

इथून शेतातले पीव्हीसीचे गमबूट मात्र नेऊ नका. पीव्हीसी थंडीत कडक होतो आणि घोट्याच्या घडीवर चिरतो.

*

गोव्यात बुटाचा खरा शत्रू कपाटात बसलेला असतो. बरेच ट्रेकिंगचे बूट आणि बर्फाचे बूट पॉलियुरेथेनच्या तळाचे असतात. हवेतला ओलावा हे रसायन हळूहळू तोडत राहतो. बूट वापरा अथवा नका वापरू, पाचसहा पावसाळे कपाटात काढले की तो बाहेरून नवा दिसतो, चामड्यावर ओरखडा नसतो, नाड्या शुभ्र असतात. टाचेवर अंगठ्याचे नख दाबले की नख आत जाते. बूट वाकवला की तळाला बारीक भेगा पडतात, चिकट लागतात, आणि टाचेचा कोपरा शिळ्या भाकरीसारखा हातात चुरून येतो. हे विमानतळावर कळण्याऐवजी आदल्या महिन्यात कळलेले बरे. जुना जोड न्यायचा असेल तर घरातच दोन दिवस घालून जिन्याने चढ-उतर करा. नवा घेताना रबराचा शिवलेला तळ मिळाला तर तो घ्या. सेलमध्ये मिळणारा जोड गोदामात किती वर्षे होता हे बघायला बनवल्याची तारीख शोधा.

*

बर्फ आयुष्यात एकदा-दोनदा. पाऊस दरसाल, तीन हजार मिलिमीटरच्या आसपास. म्हणून कोरड्या पायांची खरी परीक्षा माझ्या मते गुलमर्गला होत नाही. ती मृग लागल्यावर पेडण्याच्या खाजनांच्या मेरांवर आणि डिचोलीच्या डोंगरउतारावर होते.

*

चिखलणी केलेल्या शेतात गमबूट चालत नाही, हे शहरातल्या सल्लागारांनी समजून घ्यावे. चिखल बूट धरून ठेवतो, पाय वर येतो आणि बूट खालीच राहतो. तरवा लावणाऱ्या बाया अनवाणी उतरतात त्या अज्ञानाने नव्हे. पण मेरेवर, गोठ्यात, कुळागरात, साचलेल्या पाण्यातल्या पाणंदीत गमबूट हवाच. पावसाळाभर ओल्या राहिलेल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून फाटते. उंदराच्या मुतातून पाण्यात येणारे लेप्टोचे जंतू अशाच फटींतून शरीरात शिरतात. शेतातून आल्यावर पाय साबणाने धुऊन बेचक्या कोरड्या पुसणे हे बुटाइतकेच महत्त्वाचे आहे.

*

डिचोलीने बूट पाहिला तो खाणीवर. १९६१च्या धातुखाणींच्या नियमावलीने खाणीत पायांत संरक्षक पादत्राण असणे सक्तीचे केले आणि ते मालकाने फुकट द्यायचे ठरवले. पुढे २०१२मध्ये खाणी थांबल्या, २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीझ रद्द केले, आणि २०२२च्या लिलावानंतर डिचोलीच्या खाणीत पुन्हा काम सुरू झाले. जुन्या खाण कामगाराला बुटाबद्दल विचारावे, तो नेमके सांगतो : खनिजाचा बारीक भुगा शिवणीत बसतो आणि प्रत्येक पावलाला दोरा कापतो. म्हणून बूट रोज धुवायचा, शिवण ब्रशने घासायची. लोखंडी टोपीचा हा बूट खाणीवर उत्तम. बर्फावर मात्र तो नेऊ नये, लोखंड बोटांची ऊब शोषते.

*

गमबूट घेताना तळावर किंवा खोक्यावर आयएस ५५५७ किंवा आयएस १२२५४ बघावे. पहिले मानक रबराच्या बुटांचे, दुसरे पीव्हीसीच्या. रबर महाग, पण घडीवर चिरायला वेळ लावतो. घरी आणल्यावर उन्हात उभा करून ठेवू नये, रबर आणि पीव्हीसी दोन्ही उन्हाने कडक होतात. सावलीत, उलटा, काठीवर. गळतो की काय अशी शंका आली तर अंधाऱ्या खोलीत बुटात टॉर्च घालून बघा.

*

काजूचा हंगाम. २०१५मध्ये सत्तरीत माकडताप निघाला, २०१६मध्ये दोडामार्गात. दोन्ही मुलूख आमच्या शेजारचे. हा ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो आणि गोचीड पाचोळ्यातून पायावर चढते. त्याच पाचोळ्यात फुरसेही असते, आणि सर्पदंश बहुतांशी पावलावर आणि घोट्याच्या आसपास होतात. बोंडे वेचायला जाताना उंच गमबूट, पँट बुटात खोचलेली. बर्फावर नेमके उलटे, हे ध्यानात ठेवावे.

*

इब्रामपूरच्या बाजूला एका बागायतीत पाहिलेले. एक बाई काजू वेचत होती. पायांत नवऱ्याचे आठ नंबरचे गमबूट, पुढे जुन्या साडीचा बोळा कोंबलेला. प्रत्येक पावलाला टाच आत वर-खाली सरकत होती आणि बुटाचा काठ पोटरीवर घासत होता. पोटरीवर लाल वळ उमटला होता. थोड्या वेळाने तिने दोन्ही बूट काढले, झाडाच्या बुंध्याशी नीट जोडून ठेवले, आणि अनवाणी पाचोळ्यात शिरली. तिला बुटाचे महत्त्व कुणी शिकवायला नको होते. तिच्या मापाचा बूट तिला कुणी आणून दिला नव्हता.

*

दुकानांत विचारून पाहावे : कामाचे गमबूट सहा नंबरपासून वर सहज मिळतात. तीन, चार, पाच मागितले तर मुलांचे रंगीत बूट पुढे येतात, ज्यांचा तळ एका पावसात झिजतो. शेतातले आणि काजूतले निम्म्याहून जास्त वाकून करायचे काम बायका करतात असे मला आमच्या गावांत दिसते, आणि मापे मात्र पुरुषांची.

*

म्हणून विनंती दोघांना. डिचोली, पेडणे आणि म्हापशाच्या दुकानदारांनो, मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, खरेदीची गर्दी व्हायच्या आधी तीन ते पाच नंबरचे, कामाचे, मानकाचे गमबूट मागवून ठेवा. आणि घरच्या कर्त्यांनो, पुरुमेंताच्या यादीत मीठ, मिरची, सुक्या मासळीखाली घरातल्या बाईच्या पायाचे माप लिहा. माप तिच्याकडूनच घ्या, संध्याकाळी, मोजे घालून.