लूना विकायची की ठेवायची?

पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या एका शौकिनाने अब्बांच्या लूनाला ६५ हजार रुपये देऊ केले आहेत. उत्तर द्यायला मी महिनाभराची मुदत मागून घेतली. या महिन्यात नात्यात, मोहल्ल्यात ज्याला ज्याला कळलं त्याने आपलं मत दिलं. "चांगली सेकंडहँड मोटारसायकल येईल एवढ्यात, विचार कसला करतोस?" असं म्हणणारे निम्मे. "बापाची निशाणी कुणी विकतं का?" असं विचारणारे निम्मे. मला दोन्ही बाजू अर्ध्याच वाटल्या, म्हणून सगळा हिशोब इथे मांडतोय.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडी ओळख. लूना ही आमच्या नगरची गाडी. कागदावर जिल्हा आता अहिल्यानगर झाला असला तरी बोलताना अजून नगरच तोंडात येतं. फिरोदिया हे नगरचं घराणं. कुंदनमल फिरोदिया १९४६ ते १९५२ या काळात मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते. त्यांचे चिरंजीव हस्तीमल यांनी कायनेटिक इंजिनीअरिंग उभी केली, नगर-दौंड रस्त्यावर कारखाना आला आणि १९७२ मध्ये लूना बाजारात आली. मूळ घडण इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या 'चाओ' या मोपेडवरून घेतलेली. ५० सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, गिअर नाही, सुरू करायला सायकलसारखे पेडल. किंमत सुरुवातीला साधारण दोन हजार रुपये. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसायचे, त्या दिवसांत शिक्षक, पोस्टमन, दूधवाला, तलाठी यांना परवडेल असं इंजिन पहिल्यांदा मिळालं. पेट्रोल संपलं तर पेडल मारत घरी यायचं. पुढे 'चल मेरी लूना' ही पियुष पांडे यांची जाहिरात देशभर गाजली, तोवर नगरच्या गल्ल्यांमध्ये लूना जुनी झाली होती.

आमचे अब्बा मनियार. फिरोजाबादच्या काचेच्या बांगड्या घेऊन आठवडी बाजार करायचे. आधी सायकल होती. १९७९ साली त्यांनी ती विकली, थोडी उसनवारी केली आणि लूना घेतली. मग वेल्डरकडून मागे लोखंडी पट्ट्यांचं एक मोठं कॅरिअर बनवून घेतलं. त्यावर बांगड्यांच्या दोन पेट्या बसायच्या, मध्ये गोणपाटाची घडी, म्हणजे खड्ड्यात काच वाजणार नाही. करंजी, तिसगाव, पाथर्डी, मिरजगाव हा त्यांचा पट्टा. लग्नसराईत गावोगाव हिरवे चुडे भरायला बोलावणं यायचं. बायका त्यांना 'मनियारमामा' म्हणायच्या. रोख नसेल तर सुगीत पायलीभर बाजरी मिळायची, तीही याच कॅरिअरवरून घरी यायची. नवरीच्या मनगटात चुडा भरताना एकही बांगडी फुटू नये, म्हणून अब्बा मनातल्या मनात बिस्मिल्लाह म्हणत. पोरीची आई तिच्या देवाचं नाव घेत असे. त्यात कुणाला काही वेगळं वाटत नव्हतं.

पुढे अब्बांचे गुडघे गेले आणि लूना पडवीत उभी राहिली. तिच्यावर गोणपाटं, जुन्या गाद्या, मोडका पाळणा असं साठत गेलं. २०११ मध्ये अब्बा गेले. चाळीसाव्यानंतर मौलानांना बसवून मीरास काढली. अम्मीचा आठवा हिस्सा. उरलेल्यात दोन भाग माझे, एकेक भाग दोन्ही बहिणींचा. म्हणजे बत्तीस भागांपैकी अम्मीचे चार, बहिणींचे सात-सात आणि माझे चौदा. घर, थोडी रोकड, बांगड्यांचा माल, सगळं मोजलं. लूनासाठी भंगारवाल्याला बोलावलं. त्याने वजनाच्या अंदाजाने ९०० रुपये सांगितले. त्या किमतीत ती माझ्या हिश्शात लावली, सगळ्यांनी संमतीपत्रावर सह्या केल्या आणि आरटीओत नाव बदललं.

तिला परत चालती करायचं मनात आलं ते २०२० च्या टाळेबंदीत. शाळा बंद, हात रिकामे. इंजिन जाम झालेलं, टाकीला आतून गंज, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. ओळखीचे एक उस्ताद आहेत, लूनाच्या जमान्यातले. आता त्यांना नीट दिसत नाही, पण बोटांनी चाचपून ते कार्बोरेटरचं जेट ओळखतात. ते सांगत आणि मी करत गेलो. पिस्टन-रिंग, मॅग्नेटोची कॉइल, क्लचचे शू, चेन, स्पोक, रबरी भाग. एकेक वस्तू जुन्या बाजारातून, बंद पडलेल्या गॅरेजमधून, कुणाच्या माळ्यावरून जमवली. दोन वर्षं लागली आणि सगळे मिळून ३८ हजार खर्च झाले. रंग मूळचाच निळा दिला. अब्बांचं कॅरिअर तेवढं जसंच्या तसं ठेवलं, फक्त गंज घासला. ती पहिल्यांदा फटफट करत सुरू झाली तेव्हा धाकटी बहीण व्हिडिओ कॉलवर होती. ती म्हणाली, "आवाज नको, वास दाखव." टू-स्ट्रोकच्या निळ्या धुराचा वास मोबाईलमधून कसा दाखवणार!

गाडी जपणं हे मात्र रंगकामापेक्षा चिवट काम आहे. या इंजिनाला पेट्रोलमध्ये मोजून ऑईल मिसळावं लागतं. पूर्वी पंपावर तयार मिश्रण मिळायचं, आता बाटलीत घरीच करायचं. त्यात हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, जुन्या बनावटीच्या रबराला सोसत नाही. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीत गंज आणि जेटमध्ये चिकटा. गंमत अशी की हे इथेनॉल उसाचं, आणि उसाचे कारखाने आमच्याच जिल्ह्यात. देशात गाजलेला सहकारी साखर कारखाना आमच्या लोणीला उभा राहिला. जिल्ह्याचा ऊस जिल्ह्याच्याच लूनाच्या घशात अडकतो! उस्ताद असेपर्यंत हे निभेल. त्यांच्यानंतर कोण, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

आता विकायचा विचार का, ते सांगतो. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे. पहिल्या वर्षाच्या फीला साठ हजार कमी पडतात. बँक शैक्षणिक कर्ज द्यायला तयार आहे, पण ते व्याजाचं. आमच्यातल्या कितीतरी घरांत हा पेच आहे. काही आलिम म्हणतात, नाइलाज असेल तर गुंजाइश आहे; काही नाही म्हणतात. ज्यांनी असं कर्ज काढून मुलं शिकवली त्यांना मी बोट दाखवणार नाही. पण नाइलाज म्हणजे काय? ज्याच्या पडवीत ६५ हजारांची शौकाची गाडी उभी आहे, त्याने नाइलाज झाला असं कुठल्या तोंडाने म्हणायचं? बायको म्हणाली, माझा हार मोडा. तो हार तिच्या मेहरचा. त्यावर माझा हक्क नाही आणि तिने आपण होऊन दिला तरी आधी माझ्या मालकीचं विकून झालं पाहिजे.

असं ठरवल्यावरही हात मागे येत होता. म्हणून अम्मीला विचारलं. मला वाटलं होतं ती डोळे पुसेल. तिने तसबीह बाजूला ठेवली आणि म्हणाली, "तुम्हारे अब्बा की कमर इसीने तोडी." मग सांगत बसली. दोन पेट्या लादल्या की करंजीच्या घाटात लूना चढायची नाही. अब्बा उतरून, पेट्रोल चालू ठेवून, ढकलत घाट चढायचे. पावसात प्लग भिजला की रात्री दहाला पेडल मारत घरी. कमरेला बाम चोळता चोळता अम्मी म्हणायची, सोडा हा धंदा. ते म्हणायचे, पोरं शिकू देत. मी जिला निशाणी म्हणून चकचकीत केली ती अम्मीच्या लेखी रात्री उशिरापर्यंत न आलेली गाडी होती. हे तिने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं, कारण मी हौसेने पॉलिश करत होतो.

मोठ्या आपाचं मत, विक. ती याच लूनावर पेट्रोल बंद ठेवून सायकल शिकली, पण तिला आठवणींचा सोस नाही. धाकटी म्हणते, नको. तिच्या मनात अब्बा म्हणजे लूनाच. तिला मी एवढंच विचारलं, तू नेतेस का? ती तिसऱ्या मजल्यावर फ्लॅटमध्ये राहते. गप्प झाली.

गिऱ्हाईक भला माणूस आहे. त्याच्याकडे लूनाची आणखी दोन मॉडेलं आहेत, टीएफआर आणि डबल प्लस. गाडीची त्याला माझ्याहून जास्त माहिती. पण त्याची एक अट आहे: कॅरिअर काढायचं. त्याला कारखान्यातून निघाली तशी लूना हवी. त्याचं गणितही त्याने मोकळेपणी सांगितलं. केंद्राने २०२१ मध्ये जुन्या वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, शुल्क वीस हजार, पण सांगाडा, बॉडी, इंजिन यांत मोठे फेरफार नकोत. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला न्यायची, रोजच्या कामाला वापरायची नाही. आमची लूना २०२९ मध्ये पन्नाशीला येते. तोवर तो थांबणार आहे.

त्याच्या अटीने मी दोन दिवस अस्वस्थ होतो. त्याला जे जादाचं वाटतं तेच माझ्या लेखी अब्बांचं. निळी टाकी, हँडल, चाकं हजारो घरांत होती. कॅरिअर एकाच घरात होतं. पण याच विचाराने मला वाटही दाखवली. मला जे ठेवायचं आहे ते त्याला नकोच आहे, आणि त्याला जे हवं आहे ते सांभाळायची ताकद माझ्यापेक्षा त्याच्यात जास्त आहे. त्याच्याकडे कोरडं गॅरेज आहे, सुटे भाग आहेत, शिकाऊ पोरगा आहे.

मौलानांकडे दोन शंका घेऊन गेलो. विकायचा विचार मनात आला म्हणजे गाडी व्यापाराचा माल झाली का, तिची जकात बसते का? ते हसले. वापरातली वस्तू नुसत्या विचाराने व्यापाराचा माल होत नाही, विकून हाती आलेल्या पैशाचा हिशोब वेगळा. दुसरी शंका बहिणींची. ९०० च्या भंगाराचे ६५ हजार झाले, त्यात त्यांचं काही निघतं का? ते म्हणाले, वाटणी राजीखुशीने झाली, मेहनत आणि खर्च तुमचा, गाडी तुमची. त्या दिवशीची किंमत तीच होती.

शरियतने मोकळं केलं, तरी मनाला टोचत होतं. खर्च वजा जाता २७ हजार उरतात. त्यातली माझी मेहनत किती आणि अब्बांच्या नावाची किंमत किती, हे कुणी सांगावं? मी जुनेच हिस्से लावून पाहिले: अम्मीचे ३,३७५, बहिणींचे प्रत्येकी ५,९०० च्या आसपास. दोघींना फोन करून सांगितलं की एवढे पाठवतो. फीची तूट मग दुसरीकडून थोडी उसनी घेऊन भरायची. आपा म्हणाली, "पाठवू नको. पण आम्ही भाचीला दिले असं वहीत लिही. तू ठेवलेस असं लिहू नको." धाकटीने तेच सांगितलं. अम्मीने आपले पैसे मात्र मागून घेतले. तिला त्यातून मशिदीत पाण्याचा माठ आणि स्टँड द्यायचा आहे, अब्बांच्या नावाने.

अम्मीच्या त्या माठाने मला एक हदीस आठवली, लहानपणी मदरशात ऐकलेली. माणूस गेला की त्याच्या खात्यात तीनच गोष्टी जमा होत राहतात: चालू राहणारा सदका, लोकांच्या उपयोगी पडणारं ज्ञान आणि त्याच्यासाठी दुआ मागणारी नेक औलाद. त्यात अम्मीचा माठ बसतो. नात रुग्णाची शुश्रूषा शिकली तर तेही बसतं. पॉलिश केलेली लूना मला कितीही ओढून ताणून त्यात बसवता आली नाही. आणि अब्बांनी तर लूनासाठी आपली सायकल विकली होती. ती सायकल त्यांच्या वडिलांची होती.

नगरमध्ये लूना काही अशी संपलेली नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत विजेवर चालणारी ई-लूना आली, तीही नगरच्याच कारखान्यात बनते. परवा भिंगारच्या रस्त्यावर एक भाजीवाला तिच्यावर मेथीच्या जुड्या लादून चालला होता. मागे त्याने लोखंडी पट्ट्यांचं कॅरिअर ठोकून घेतलेलं.

मी गिऱ्हाइकाला हो कळवलं आहे. फॉर्म २९ आणि ३० भरून ठेवलेत. रविवारी तो टेम्पो घेऊन येईल. कॅरिअरचे बोल्ट काल सोडवले, एक अडकला होता तो उस्तादांनी तेल सोडून फिरवला. त्याचं काय करायचं यावर घरात पुन्हा चर्चा झालीच. भिंतीवर टांगा, असं धाकटी म्हणाली. अम्मीने ते उचलून अंगणात नेलं, उलटं टाकून पाहिलं आणि म्हणाली, घागर ठेवायला बरोबर मापाचं आहे.