नॉरिचचे ग्रंथवेडे धन्वंतरी

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनावरून सुटलेली गाडी दोनएक तासांत नॉरिचला पोचते. या गावाच्या नावात 'डब्ल्यू' लिहितात, पण बोलताना तो कोणी उच्चारीत नाही. धाकट्या भावाकडे लंडनला आमचा मुक्काम होता. घरच्या मंडळींना राजवाडे आणि दुकाने पाहायची होती, मला नॉरिच.

"तिथे काय आहे?"

"एका डॉक्टरांची पुस्तके होती."

"होती? म्हणजे आता नाहीत?"

"नाहीत."

यावर कोणी काही बोलले नाही. डबा मात्र बांधून मिळाला.

हे डॉक्टर म्हणजे सर टॉमस ब्राउन. जन्म १६०५ चा, लंडनचा. ऑक्सफर्डचे शिक्षण आटोपून त्यांनी माँपेल्ये, पाद्वा आणि लायडन येथे वैद्यकाचा अभ्यास केला, १६३७ च्या सुमारास नॉरिचला बिऱ्हाड थाटले आणि १६८२ साली, ऐन आपल्या वाढदिवशी, तिथेच देह ठेवला. पंचेचाळीस वर्षे एकाच गावात रोगी तपासायचे आणि उरल्या वेळात वाचायचे, लिहायचे! 'रिलिजिओ मेडिसी' या त्यांच्या पहिल्याच पुस्तकाने त्यांचे नाव युरोपभर गेले. पण म्हणून त्यांनी नॉरिच सोडले नाही.

गावच्या मध्यावर रंगीबेरंगी छपरांची मंडई भरते. तिच्या अंगाला सेंट पीटर मॅनक्रॉफ्टचे उंच चर्च आहे. ब्राउनसाहेबांचे घर इथेच हाकेच्या अंतरावर होते. ते आता उरलेले नाही. १६७१ साली रोजनिशीकार जॉन एव्हलिन या घरी येऊन गेला. पुस्तके, नाणी, पदके, वनस्पती, पक्ष्यांची अंडी अशा चिजांनी भरलेले ते घर आणि बाग पाहून तो अगदी हरखून गेला. त्याच साली दुसरा चार्ल्स राजा नॉरिचला आला आणि डॉक्टरांना 'सर' करून गेला.

पण मला या संग्रहापेक्षा एक लहानसे टिपण अधिक आवडते. आपल्या मुलीने, एलिझाबेथने, रात्री आपल्याला कोणकोणती पुस्तके वाचून दाखवली, याची यादीच त्यांनी करून ठेवली आहे. प्लुटार्कची चरित्रे, तुर्कांचा जाडजूड इतिहास, असले ग्रंथ त्या मुलीने पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचले! बाप डोळे मिटून ऐकतो आहे आणि लेक मेणबत्तीच्या उजेडात पाने उलटते आहे, हे चित्र मनातून जात नाही.

त्यांचे चिरंजीव एडवर्ड हेही नावाजलेले डॉक्टर. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सचे ते अध्यक्ष झाले. ते १७०८ मध्ये गेले, नातू १७१० मध्ये गेला. मग १७११ च्या जानेवारीत बाप-लेकांची पुस्तके लंडनमध्ये एकत्रच लिलावात निघाली. लिलावाची छापील यादी आजही मिळते. पण कोणते पुस्तक बापाचे आणि कोणते लेकाचे, हे तिच्यावरून कळत नाही. शरीरशास्त्र, वनस्पती, धर्मशास्त्र, पुराणवस्तू, प्रवास. लॅटिन, ग्रीक, इटालियन, फ्रेंच. एका पिढीने जमवायचे आणि तिसऱ्या पिढीनंतर हातोड्याखाली जायचे, हे आपल्याकडच्या कपाटांनाही काही नवे नाही. डॉक्टरांची हस्तलिखिते मात्र हॅन्स स्लोन या दुसऱ्या संग्राहक डॉक्टरांकडे गेली आणि म्हणून ती आज ब्रिटिश लायब्ररीत सुखरूप आहेत.

एवढी पुस्तके बाळगणारा हा माणूस पुस्तकांवर डोळे झाकून विश्वास ठेवणारा नव्हता. लोकांच्या भ्रमांवर त्यांनी १६४६ मध्ये एक भला मोठा ग्रंथच लिहिला. हत्तीच्या पायाला सांधे नसतात, असे जुने ग्रंथकार सांगत आले होते. (आपल्याकडे माहुताच्या पोरानेही हे ऐकून घेतले नसते!) ब्राउनसाहेबांचा सवाल सरळ आहे : सांधे नसतील तर तो चालतो कसा? कोळी आणि भेक यांचे हाडवैर असते म्हणतात ना? त्यांनी एका काचेच्या भांड्यात भेक ठेवला आणि सात कोळी सोडले. भेकाने ते स्वस्थपणे गिळले. प्रश्न मिटला.

आणि याच माणसाची दुसरी गोष्ट सांगताना माझी जीभ अडखळते. १६६२ साली बरी सेंट एडमंड्सला चेटकाच्या आरोपावरून अॅमी डेनी आणि रोझ कलेंडर या दोन बायकांवर खटला चालला. ब्राउनसाहेबांना मत विचारले गेले. ते म्हणाले, मुलींना येणारे झटके स्वाभाविकच आहेत, पण सैतान चेटकिणींच्या संगनमताने ते वाढवतो. डेन्मार्कमध्ये असेच नुकतेच उघडकीला आले आहे. त्याच न्यायालयात काही सभ्य गृहस्थांनी एक प्रयोग केला. एका मुलीचे डोळे झाकून तिला भलत्याच बाईचा हात लावला, तरी ती तशीच किंचाळली. भेकाच्या भांड्याइतकाच साधा प्रयोग! गृहस्थांनी सगळे थोतांड आहे असे सांगितले. पण दोघी बायका फासावर गेल्या. अवघ्या गावाने मान द्यावा अशा विद्वानाचा शब्द त्या पारड्यात पडला होता. त्यांच्या गद्याचा मी भक्त आहे. तरी हे प्रकरण त्यांच्या नावावरून पुसता येत नाही.

चर्चसमोर फोरम नावाची काचेची मोठी इमारत आहे. तिच्यात गावचे ग्रंथालय आहे. आधीचे ग्रंथालय १ ऑगस्ट १९९४ रोजी आगीत गेले, लाखाहून अधिक पुस्तके जळाली. ही इमारत २००१ मध्ये उघडली. तिथल्या खुर्चीवर बसल्यावर मला 'रिलिजिओ मेडिसी'तला एक खट्याळ विचार आठवला. अलेक्झांड्रियाचे ग्रंथालय जळाले म्हणून लोक उसासे टाकतात, पण जगात पुस्तके जरा जास्तच झाली आहेत, असे तरुण ब्राउन म्हणतात. सॉलोमनची हरवलेली पाने मिळणार असतील, तर व्हॅटिकनची राखही ते शांतपणे पाहायला तयार! पुढे उतारवयात याच माणसाने न मिळणाऱ्या पुस्तकांची एक काल्पनिक यादी रचली. हद्दपारीत ओव्हिडने रानटी लोकांच्या भाषेत लिहिलेली कविता तिच्यात आहे. आपल्या कपाटात नसलेल्याच पुस्तकाचा ध्यास वाचकाला असतो, तो असा.

मग चर्चमध्ये गेलो. डॉक्टर इथेच पुरलेले आहेत. आपली हाडे पुढे कुणाच्या हाती लागतील कोण सांगणार, असे त्यांनी अस्थिकलशांवरच्या पुस्तकात लिहून ठेवले होते. १८४० मध्ये मजुरांच्या हातून शवपेटी फुटली, कवटी बाहेर निघाली आणि पुढे गावच्या इस्पितळाच्या संग्रहालयात काचेखाली जाऊन बसली. १९२२ साली ती परत पुरली. दफनाच्या नोंदवहीत मृताचे वय लिहावे लागते. ते लिहिले आहे : ३१७ वर्षे.