चाल म्हणून दाखवा

मुखडा निसटला आणि अंतऱ्याची चाल तेवढी डोक्यात बसली, की पूर्वी माणूस कामातून जायचा. रेडिओवर गाणं अर्धं झालेलं असताना आपण पोचायचो. गायक, गीतकार, संगीतकार ही सगळी वंशावळ निवेदकाने आधीच सांगून टाकलेली. आवाज तलत महमूदचा, एवढीच काय ती खात्री. त्या आवाजातला कंप काहींना दोष वाटे. संगीतकार अनिल विश्वासांना मात्र नेमका तोच हवा होता.

मग कॅसेटचं दुकान गाठायचं. तिथे रेघी कागदावर यादी दिली की साठ मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटमध्ये गाणी भरून मिळत. शेवटचं हमखास अर्ध्यात तुटायचं. पण यादीत लिहायचं काय? “चाल म्हणून दाखवा,” दुकानदार भर गर्दीत फर्मावायचा. शेजारी आईच्या ओळखीच्या काकू अभंगांच्या कॅसेटी चाळतायत आणि आपण कान लाल करून प्रेमगीत गुणगुणतोय! तो डोळे मिटून ऐकायचा, मग एकेक कॅसेट लावून बघायचा. “हे नाही, हे पण नाही” करता करता न मागितलेली चार गाणी पदरात पडायची.

माझं गाणं लवकर सापडेना, कारण मी ते सिनेमात शोधत होतो. हरमंदिर सिंह ‘हमराज़’ यांनी १९३१ ते १९८० पर्यंतच्या हिंदी चित्रपटगीतांचा कोश केला, केवढं अफाट काम! पण चित्रपटाबाहेरच्या गाण्याला तिथे जागा कुठली? निघालं ते ‘तस्वीर तेरी’. १९४४ ची गैरफिल्मी तबकडी, शब्द फय्याज हाश्मींचे, चाल कमल दासगुप्तांची. म्हणजे मुंबईत ‘आरज़ू’मधून (१९५०) नाव होण्याआधीचा, कलकत्त्यात तपनकुमार या नावाने बंगाली गाणी गाणारा तलत.

आता भाची फोन पुढे धरते. २०२० पासून गूगल नुसत्या गुणगुणण्यावरून गाणं ओळखतं, आणि बेसूर गायलो तरी हसत नाही. झकास सोय आहे. फक्त गाण्याच्या ॲपवर वर्ष दिसतं ते बऱ्याचदा नंतर काढलेल्या संकलनाचं. त्या हिशेबाने तलत मरणोत्तरही नवी गाणी गातोय. कवीचा तर अनेकदा पत्ताच नसतो. भाचीला मी ‘फय्याज हाश्मी’ असं कागदावर लिहून दिलं.

“याची चाल कशी आहे, मामा?” म्हणाली.