बहिणीची फायरप्लेस आणि भाच्याचा दमा

आजचा विषय तुमच्यातल्या अनेकांना परका वाटेल. थंड देशातल्या घरात लाकडाची फायरप्लेस असते, तिच्यात बसवायचा ‘इन्सर्ट’ कसा निवडावा, हा तो विषय. पण मुलं-नातवंडं अमेरिका-कॅनडात असलेले वाचक इथे कमी नाहीत, आणि गेलं वर्षभर हा प्रश्न आमच्याच घरात चर्चेला होता.

माझी धाकटी बहीण न्यू हॅम्पशायरमध्ये राहते. अमेरिकेच्या ईशान्येचं हे राज्य. जानेवारीत रात्रीचं तापमान उणे १५ अंशांपर्यंत सहज उतरतं. घर गरम ठेवायला तळघरात तेलावर चालणारा बॉयलर आहे, पण त्याचा बर्नर आणि पंप विजेवर चालतो. मागच्या हिवाळ्यात झाडं तारांवर कोसळली आणि चार दिवस वीज गेली. तिकडे हे नवीन नाही. डिसेंबर २००८ च्या बर्फाच्या वादळात त्या राज्यातल्या चार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली होती.

त्या चार दिवसांत त्यांनी दिवाणखान्यातली जुनी, विटांची उघडी फायरप्लेस पेटवली आणि सगळे तिथेच गाद्या टाकून झोपले. तिसऱ्या रात्री माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला दम्याचा मोठा ॲटॅक आला. इन्हेलरने भागेना, तेव्हा बर्फातून गाडी काढून त्याला इमर्जन्सीत न्यावं लागलं. सकाळपर्यंत सावरला.

महिन्याभराने बहिणीचा फोन आला. “ताई, फायरप्लेसमध्ये इन्सर्ट बसवून घेऊ का गं?”

मी एका शब्दात ‘नको’ म्हटलं. लाकडाच्या धुराबद्दल मी थंड डोक्याने बोलू शकत नाही, हे तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगते. आमच्या आईने आयुष्यात कधी तंबाखूला हात लावला नाही. पंचवीसेक वर्षं चुलीवर स्वयंपाक केला. साठीत तिला सीओपीडी झाला आणि शेवटची वर्षं ती पलंगापासून न्हाणीघरापर्यंत दोनदा थांबून जायची. माझ्या ओपीडीतही अशा बायका रोज येतात, कधीही विडी न ओढलेल्या.

पण बहीण चिडली. “आई माझीही होती. नको म्हणणं सोपं आहे. वीज गेल्यावर मी काय पेटवू, ते सांग.”

आणि यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कडाक्याची थंडीही दम्याला बाधते. ऊब हवी म्हणून लोक अशा वेळी घरात कोळशाची शेगडी पेटवतात किंवा गॅरेजमध्ये जनरेटर चालवतात आणि कार्बन मोनॉक्साइडने दगावतात. तेव्हा मी प्रश्न बदलला. ‘लाकूड हवं की नको’ हे बाजूला ठेवलं, आणि ‘या मुलाच्या छातीत कमीत कमी धूर जाईल अशी कोणती सोय करता येईल’ याचा अभ्यास सुरू केला.

आधी इन्सर्ट म्हणजे काय ते पाहू. उघडी फायरप्लेस दिसायला छान, पण कामाला अगदी वाईट. लाकडाच्या उष्णतेतला जेमतेम दहावा भाग खोलीला मिळतो. बाकी सगळी धुराड्यातून वर जाते, आणि जाताना खोलीतली गरम हवाही खेचून नेते. त्या जागी बाहेरची गार हवा फटींतून आत येते, म्हणून शेकोटीसमोर तोंड भाजतं आणि पाठ गारठते. इन्सर्ट ही त्याच कोनाड्यात सरकवायची लोखंडी पेटी. पुढे काचेचं दार, आत भट्टीच्या विटांचं अस्तर, वर धूर नेणारी नळी. आपला तांब्याचा बंब आठवा. विस्तव बंदिस्त, धूर नळीतून बाहेर, आणि जाता जाता त्याची उष्णता भोवतालचं पाणी घेतं. इथे पाण्याऐवजी खोलीतली हवा ती घेते. चांगल्या इन्सर्टमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास उष्णता घरात राहते.

धूर कमी होतो तो कसा, हे चुलीसमोर बसलेल्या कोणालाही पटकन समजेल. ओलसर फाटा धुमसत असतो, डोळे चुरचुरतात. तुम्ही फुंकणीने चार फुंकरा मारता आणि भप्पकन ज्वाळ उठते. त्या क्षणी पेटतो तो धूरच. धूर म्हणजे न जळलेलं इंधन, त्याला पुरेशी उष्णता आणि हवा मिळाली तर तो जळून जातो. इन्सर्टच्या पेटीत वरच्या बाजूला भोकं पाडलेल्या नळ्या असतात. त्यांतून तापलेली हवा सतत धुरावर सोडली जाते. फुंकणीचंच काम, पण न थांबता. दुसऱ्या प्रकारात धूर एका जाळीदार उत्प्रेरकातून जातो, मोटारीच्या सायलेन्सरजवळ असतो तसा. तो साधारण २६० अंशांच्या वर तापला की काम करू लागतो. चोवीस तास मंद आच ठेवणाऱ्यांना हा प्रकार बरा. वर्षातून मोजके दिवस पेटवणाऱ्याने पहिला, साधा प्रकार घ्यावा. उत्प्रेरक काही वर्षांनी बदलावा लागतो, आणि तो निकामी झालाय हे अनेकांच्या लक्षातच येत नाही.

दुकानदार पुढे करतो तो आकडा म्हणजे तासाला किती ग्रॅम धूर. अमेरिकेत ईपीए या सरकारी पर्यावरण संस्थेचा नियम मे २०२० पासून असा आहे की प्रमाणित चौकोनी पट्ट्या जाळून चाचणी केली तर तासाला २ ग्रॅमपेक्षा जास्त कण नकोत, आणि नेहमीच्या सरपणाने केली तर २.५ ग्रॅम. १९८८ च्या पहिल्या नियमाच्या तुलनेत ही मोठी सुधारणा आहे. मात्र हा आकडा प्रयोगशाळेतला. तिथे लाकूड मोजून-मापून सुकवलेलं असतं आणि पेटवणारा तरबेज असतो. चाचणीच्या या व्यवस्थेत दोष आहेत असं ईपीएच्याच अंतर्गत तपासनीसांनी २०२३ मध्ये म्हटलं. म्हणून १.३ आणि १.८ यांच्यात फार घोळ घालू नका.

बहिणीला मी सांगितलं, मॉडेलच्या आधी तीन गोष्टी बघ.

पहिली, वीज गेल्यावर ते चालेल का? हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. बहुतेक इन्सर्टमध्ये गरम हवा बाहेर ढकलायला पंखा असतो. पंखा बंद म्हणजे पूर्ण कोनाड्यात गेलेली पेटी भिंतच तापवत बसते. म्हणून पुढचा भाग कोनाड्याबाहेर येतो असं मॉडेल घ्यावं. ते पंख्याविना तापतं, आणि वर चहाचं आधणही ठेवता येतं. मेहुण्यांना लाकडाच्या गोळ्यांवर चालणारा पेलेट स्टोव्ह आवडला होता, त्याचा धूर खरोखर कमी. पण गोळ्या आत ढकलायला मोटर लागते, म्हणजे वीज गेली की तोही थंड. माझी स्वतःची पसंती प्रोपेन गॅसच्या बंदिस्त इन्सर्टला होती. साध्या पायलट ज्योतीवर चालणारी त्याची मॉडेल विजेविना पेटतात आणि कण नगण्य. यावर आमचा वाद झाला. अंगणात मोठी टाकी बसवायची त्यांची तयारी नव्हती, आणि घरामागच्या रानात पडलेलं ओक आणि मेपल फुकट होतं. मी हरले. आजही मला गॅसच बरा वाटतो, हे नोंदवून ठेवते.

दुसरी गोष्ट आकार. सगळे गरजेपेक्षा मोठा घेतात. मग खोली भट्टी होते, म्हणून हवेची कळ बंद करून विस्तव धुमसत ठेवतात. धुमसणं म्हणजेच धूर. लहान पेटी, चांगली ज्वाळ, हे कधीही बरं.

तिसरी, धुराडं. पहिला बसवणारा म्हणाला, दोन-चार फूट नळी वर सरकवली की पुरे. हे साफ चूक आहे. जुनं विटांचं धुराडं रुंद असतं. त्यात धूर रेंगाळतो, थंड होतो आणि आतून डांबरासारखा काळा थर धरतो. एक दिवस तो थरच पेट घेतो. इन्सर्टच्या तोंडापासून छपरापर्यंत सलग स्टेनलेस स्टीलची नळी घालणं आणि वर्षातून एकदा तपासून साफ करणं, यात काटकसर नको. बहिणीने माणूस बदलला.

पण मला खरं थांबवलं ते एका संशोधनाने. मोंटाना, आयडाहो आणि अलास्कामध्ये, जिथे लाकडाचे स्टोव्ह आहेत आणि मुलांना दमा आहे, अशा घरांत हा प्रयोग झाला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. काही घरांत जुना स्टोव्ह काढून नवा, सुधारित बसवला. काही घरांत हवा गाळणारा फिल्टर ठेवला, काहींत नुसता दाखवायला. नव्या स्टोव्हने खोलीतले सूक्ष्म कण कमी झाले नाहीत. फिल्टरने मात्र ते जवळपास दोन तृतीयांश घटले. पालकांनी भरलेल्या दम्याच्या प्रश्नावलीत फारसा फरक पडला नाही, पण मुलांच्या पीक फ्लोमधले दिवसभराचे चढउतार फिल्टरच्या घरांत कमी झाले.

म्हणजे नवा स्टोव्ह व्यर्थ का? तसं नाही. टास्मानियातल्या लॉन्सेस्टन शहरात २००१ पासून लाकडाचे स्टोव्ह बदलण्याची मोहीम झाली आणि हिवाळ्यात बाहेरच्या हवेतल्या कणांचं प्रमाण घनमीटरला ४४ वरून २७ मायक्रोग्रॅमवर आलं. तिथे मात्र बऱ्याच घरांनी लाकूडच सोडलं होतं. घराच्या आत वेगळी गंमत होते. लाकूड घालायला दार उघडलं की धुराचा एक लोट खोलीत येतो, पेटी कितीही महाग असो. वर शेजाऱ्यांचा धूर असतोच. म्हणून बहिणीला मी स्पष्ट सांगितलं, की दमेकरी मुलाच्या घरात इन्सर्ट ही अडीअडचणीची सोय. दर संध्याकाळी पेटवून समोर कॉफी प्यायची हौस करायची नाही. शिवाय हेपा फिल्टर घ्यायचा आणि तो मंद वेगावर चालेल अशी बॅटरीही.

बाकीचे नियम थोडक्यात. दार उघडायचं ते ज्वाळ ओसरून निखारे झाल्यावर, सावकाश, आणि तेवढ्या वेळ भाचा दुसऱ्या खोलीत. पेटवताना जाड लाकडं खाली, काटक्या वर. आपल्या सवयीच्या उलट आहे, पण ज्वाळ वरून खाली येते आणि सुरुवातीचा धूर जळून जातो. कागदी खोकी, रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड आत टाकायचं नाही. झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. या वायूला रंग नाही, वास नाही. घरातल्या सगळ्यांचं एकाच वेळी डोकं दुखू लागलं, मळमळलं, तर फ्लू समजू नका, आधी बाहेर पडा. राख झाकणाच्या लोखंडी बादलीत घालून घराबाहेर ठेवायची. आजी रात्री विस्तव राखेखाली झाकायची आणि सकाळी त्यावरच चूल पेटवायची, तेव्हा राख किती वेळ जिवंत राहते हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

आणि हो, भाच्याची रोजची प्रतिबंधक औषधं. विस्तवाबद्दल इतकं बोलून झाल्यावर मला कळलं की मागच्या हिवाळ्यात तो स्टेरॉइडचा इन्हेलर आठवड्यातून तीनच दिवस घेत होता. फोनवर मी सगळ्यात जास्त ओरडले ती यासाठी.

इन्सर्ट सप्टेंबरात बसला. या जानेवारीत वीज दीड दिवस गेली. उबेला कमी पडलं नाही, मुलाला रिलीफ इन्हेलरचे दोन पफ लागले, एवढंच. एका वादळावरून मी काही सिद्ध करत नाही.

लाकूड कोरडं आहे का हे बघायला ओलावा मोजणारं एक छोटं यंत्र मिळतं. ओंडका नव्याने फोडायचा आणि आतल्या ताज्या बाजूवर त्याचे दोन काटे टोचायचे. वीस टक्क्यांच्या खाली असेल तरच जाळायचं. फोडायचं काम मेहुण्यांचं, टोचायचं काम भाच्याने स्वतःकडे घेतलंय. दर रविवारी मला व्हॉट्सॲपवर फोटो येतो. “मावशी, मेपल १७.” ओकचा ढीग अजून २६ वर आहे, तो यंदा पेटवायचा नाही असं त्याने वडिलांना बजावलंय.