विमान तासाचे, वाट दिवसाची

नरडाण्याच्या शिवारात कापूस वेचताना मान वर केली, की एखादे वेळी लहानसे विमान घिरट्या घेताना दिसते. धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे, तापीपलीकडे शिरपूरलाही आहे. पण तिथे वैमानिक शिकतात. तिकीट काढून बसायचे, तर खानदेशात जळगावच गाठावे लागते.

जळगावच्या नव्या विमानतळाचे उद्‌घाटन २०१२ साली राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते झाले. ‘उडान’ योजनेत २०१७ च्या डिसेंबरात मुंबईचे विमान सुरू झाले. मध्ये सेवा बंद पडली, पुन्हा सुरू झाली. २०२४ मध्ये गोवा आणि हैदराबादचीही विमाने सुटू लागली.

जळगाव ते मुंबई हे हवाई अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. विमानाला सव्वा तास पुरतो. हा आकडा ऐकून कुणालाही वाटेल, आता मुंबई अंगणात आली! पण वाचकहो, शेतकऱ्याचा प्रवास विमानतळापासून नव्हे, घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो.

हिशेब मांडून पाहा. नरडाण्याहून बेटावद, अमळनेर, धरणगाव करीत जळगावचा विमानतळ शंभरेक किलोमीटर. मोटारीने अडीच तास धरा. सुटण्याआधी दीड तास पोहोचायचे. उड्डाण सव्वा तास. मुंबईत उतरून सामान घेऊन बाहेर पडायला अर्धा तास आणि शहरात मुक्कामी जायला आणखी तास. बेरीज झाली पावणेसात तास!

उलट, आग्रा रस्ता नरडाण्याच्या दारातूनच जातो. त्या रस्त्याने मुंबईही साधारण साडेतीनशे किलोमीटरच. वाट मोकळी असली तर मोटार सहा-सात तासांत नेते. म्हणजे आकाशातून जाऊन वेळ वाचला किती? जवळजवळ नाहीच. घरात कुणी आजारी असेल आणि मुंबईला न्यायचे असेल, तर हा हिशेब आधीच ठाऊक असावा. आडवे होऊन जाणाऱ्या रोग्याला चढउतार नसलेली सरळ गाडी सोयीची. विमानाचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

हैदराबादचे गणित मात्र निराळे. तिथे रस्त्याने किंवा रेल्वेने सारा दिवस जातो, वर रात्रही मोडते. विमानाने घरापासून मुक्कामापर्यंत सात-आठ तासांत काम होते. मुलगा तिकडे नोकरीला असेल आणि निंदणी-वेचणीच्या दिवसांत दोन दिवसही मोडणे परवडत नसेल, तर तिकिटाचे पैसे वसूल होतात.

पुढे जमिनीवरची वाटही बदलेल. २०२४ च्या सप्टेंबरात मंजूर झालेला ३०९ किलोमीटरचा मनमाड-इंदूर रेल्वेमार्ग धुळे-नरडाण्यावरून जायचा आहे.

तोवर एक ठोकताळा ध्यानात ठेवावा. विमानाच्या वेळेत घरापासून विमानतळापर्यंतचा आणि तिथून मुक्कामापर्यंतचा वेळ मिळवावा, वर दोन तास धरावेत. मगच रस्त्याशी तुलना करावी. विमान रोज असतेच असे नाही, वेळाही बदलतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चौकशी करावी, आणि मगच बैलांच्या वैरणपाण्याची जबाबदारी शेजाऱ्यावर सोपवावी.