अर्धा कोयता

कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीपाशी कार्तिकी पौर्णिमेला यात्रा भरते. मराठवाड्यातून, कर्नाटकातून, तेलंगणातून दिंड्या येतात आणि बालाघाटातली ती एरवीची मुकी दरी माणसांनी भरून जाते. गंमत अशी की, सारा मुलूख आमच्याकडे लोटतो त्या महिन्यात आमचीच माणसे घरी नसतात. दसरा-दिवाळी उलटली की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिमेकडच्या साखर कारखान्यांवर निघतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी थोडी पोरे. मी आणि धाकटा भाऊ त्या उरलेल्यांतले, आजीपाशी राहणारे.

१९८२ च्या यात्रेत मी दहावीत होतो. उंची सहा फुटांना दोन बोटे कमी. दर्शनाच्या रांगेतून एका गृहस्थांनी मला खुणेने जवळ बोलावले. “कितवीला आहेस? हात वर कर पाहू.” मी हात वर केला. त्यांनी वितीने दगडी खांबावर माप घेतले, खिशातल्या डायरीत काही टिपले, गाव विचारले, आणि खोबऱ्याचा तुकडा हातावर ठेवून ते पुढे सरकले. बाजारात बैलाचे दात पाहणारे लोक मी पाहिले होते. हे गृहस्थ तसेच, पण बोलायला गोड.

ते एका कनिष्ठ महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक निघाले. तिथे बास्केटबॉलचे सिमेंटचे मैदान नवे झाले होते, दोन बाजूंना फळ्या उभ्या होत्या, आणि त्या फळीपर्यंत हात पोचेल असे पोर त्यांच्याकडे नव्हते. दहावीचा निकाल लागला तेव्हा त्यांचे पोस्टकार्ड आले, आणि चार दिवसांनी स्वतः सर आले, फाट्यापासून चालत.

त्याच आठवड्यात मुकादमही येऊन गेला होता. पावसाळ्यात मुकादम उचल वाटतो आणि हंगामात ती अंगमेहनतीने फेडायची, हा आमच्याकडचा व्यवहार. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकटा जीव म्हणजे अर्धा. मुकादमाने माझ्या खांद्यावर थाप मारून म्हटले होते, “औंदा पोरगं धरा. हात उंच हाय, मोळी वर द्यायला बरं.” एकाच आषाढात माझ्या एकाच हाताला दोन गिऱ्हाइके आली. एकाला त्याने उसाची मोळी ट्रकवर चढवायला हवी होती आणि दुसऱ्याला चेंडू कड्यात टाकायला.

आबांनी सरांना घोंगडी अंथरून दिली आणि सरळ विचारले, “सर, टोपल्यात चेंडू टाकायचं काय देता?”

“फी माफ. वसतिगृहात खोली, मेसमध्ये दोन वेळचे जेवण. सकाळी दूध आणि दोन अंडी.”

“अंडं नगं,” आतून आजी म्हणाली. तिच्या गळ्यात इष्टलिंग होते. सरांनी तिथल्या तिथे दूध दुप्पट केले.

“आन् उचल?”

सर घोटभर पाणी प्यायले. “आमच्यात उचल नसते, आबा.”

आबा गप्प राहिले. मुकादमाचे पैसे त्यांनी घेतलेले होते, दीड कोयत्याचे. मग ते उंबऱ्यावर शेंगा फोडत बसलेल्या धाकट्याकडे बघून म्हणाले, “ह्याला धरू.” तो तेरा वर्षांचा होता. त्याला कुणी विचारले नाही. मलाही विचारले नव्हते म्हणा. पण ही दोन न विचारणी एका तराजूत घालण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

हा खेळ जेम्स नेस्मिथ नावाच्या शिक्षकाने १८९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी काढला. व्यायामशाळेच्या सज्जाला त्याने पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. सज्जा दहा फुटांवर होता म्हणून टोपली दहा फुटांवर, आणि ते माप आजतागायत बदललेले नाही. कुठल्याशा सज्जाची ही उंची आमच्या घरातल्या दोन पोरांची वाट वेगळी करील, हे त्या भल्या माणसाच्या मनातही नसेल.

उंचीवर पोरे हेरण्याची रीत सगळीकडे आहे. पंजाबातल्या बल्लो के गावच्या एका शेतकऱ्याचा मुलगा सतनाम सिंग उंचीपायी आधी लुधियानाच्या अकादमीत गेला, २०१० साली फ्लोरिडात, आणि २०१५ साली डॅलसच्या संघाने त्याची निवड केली. १९९४ साली निघालेला ‘हूप ड्रीम्स’ हा माहितीपट मी पुष्कळ उशिरा पाहिला. त्यातल्या शिकागोच्या आर्थर एजीला चौदाव्या वर्षी एका खाजगी शाळेसाठी हेरतात, आणि फी थकते तेव्हा त्याला ती शाळा सोडावी लागते. पुढे तो मिसूरीतल्या दोन वर्षांच्या कॉलेजात खेळायला जातो, आमच्या अकरावी-बारावीसारखाच दोन वर्षांचा मुक्काम. त्याची आई पडद्यावर हिशेब सांगू लागली तेव्हा मला आबांची घोंगडी आठवली.

खेळ मला लवकर जमला, असे काही नाही. हात पोचत होता, पण चेंडूचे टप्पे मारत धावताना पाय त्याच्या आधी पुढे जात. पहिला महिना सरांनी मला कड्याकडे बघूसुद्धा दिले नाही. नुसते टप्पे, उजव्या हाताने शंभर, डाव्याने शंभर. रात्री खोलीत पडल्यावरही तळहात हुळहुळत राही.

भाद्रपदात जिल्ह्याचे सामने झाले. धाकटा एस.टी.ने आला, आजीने दिलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन. पहिला अर्धा डाव त्याने कठड्याला टेकून पाहिला. मध्यंतरात मला म्हणाला, “दादा, टोपलं खालनं फाटकं कामून ठिवलंय?”

मी हसलो. पण प्रश्न खरा होता. नेस्मिथच्या टोपल्यांना बूड होते. दर वेळी शिडीवर चढून चेंडू काढावा लागे. बूड पुढे काढले.

सामना आम्ही जिंकलो. संध्याकाळी त्याने कॉलेजने दिलेले माझे कॅनव्हासचे बूट पायांत घालून पाहिले, पाऊल आत खुळखुळत होते. तसाच तो मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला, परत आला, बूट काढून नीट जोडीने ठेवले. मुक्कामाला राहा म्हटले तर नको म्हणाला. मुकादमाने टोळीतल्या माणसांची नावे लिहून घ्यायला दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावले होते, आणि शेवटची गाडी साडेसातची होती.